रायफलच्या रिलोडिंगसाठी पावडर स्केल कुठला घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा होता. ॲरिझोनात राहणाऱ्या एकाने ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल घेतलीय, नुकतंच रिलोडिंग, म्हणजे उडवलेल्या काडतुसात नवी पावडर आणि बुलेट घालून ते परत भरणं, चालू केलंय आणि त्यासाठी तीस डॉलरचा खिशात मावणारा डिजिटल स्केल आणलाय. पॅनमधली पावडर एकदा ४१.२ ग्रेन (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम) दिसते, तोच पॅन उचलून परत ठेवला की ४१.५. आता सरळ हजार डॉलरचा सेट घ्यावा, का मधला चार्जमास्टर म्हणजे पावडर आपोआप तोलून देणारं मशीन, का जुन्या पद्धतीचा बीमवाला काटा, असं विचारलंय.

पहिलं म्हणजे त्या स्केलवर मोजून एकही काडतूस भरू नका. भरली असतील तर ती बाजूला ठेवा, बुलेट काढायचा हातोडा मिळतो त्याने उघडा आणि पावडर परत मोजा. ०.३ ग्रेनचा फरक ऐकायला छोटा वाटतो, पण तो दिसलेला फरक आहे, न दिसलेला किती आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि ६.५ क्रीडमूरचं कमाल प्रेशर सामीने (अमेरिकेतली काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) ६२,००० पीएसआय ठरवून दिलंय, म्हणजे तुमच्या गालापासून काही इंचावर हे सगळं होतं. रिलोडिंगच्या मॅन्युअलमध्ये सुरुवातीचा लोड, म्हणजे पावडरचं वजन, दिलेलं असतं त्याच्या जवळ असाल तर अर्धा ग्रेन खपून जातो, कमाल आकड्याच्या जवळ असाल तर नाही.

आता स्केलकडे येऊ. बहुतेक सगळे डबीवर किती दशांश लिहिलेत ते बघून स्केल घेतात. तीस डॉलरच्या स्केलवरही ०.००१ ग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०१५ ग्रेन, आणि सहाशे डॉलरच्यावरही ०.००१ ग्रॅमच लिहिलेलं असतं, मग माणूस म्हणतो कशाला उगाच पैसे घालवा. पण स्क्रीनवर तीन दशांश दाखवणं हे चिपचं काम आहे, ते कुणीही करतं. खरी गोष्ट ही की तेच वजन परत परत ठेवलं तर तोच आकडा येतो का, सकाळी आणि संध्याकाळी तोच येतो का, आणि तो बरोबर आहे की नाही हे तुम्हाला स्वतःला घरी तपासता येतं का. या तिन्हीत पास होणारा ०.१ ग्रेनचा काटा मी कधीही घेईन, नापास होणारा तीन दशांशवाला फुकट दिला तरी नको.

तुमच्या स्केलमध्ये नेमकं काय होत असेल ते सांगतो. स्वस्त डिजिटल स्केलच्या आत धातूची एक छोटी पट्टी असते, वजन ठेवलं की ती केसभर वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा रोध बदलतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. पट्टी गरम झाली, थंड झाली, बराच वेळ वजनाखाली राहिली की तिचं वागणं बदलतं. त्यात एसीचा झोत आला, शेजारी मोबाईल ठेवलाय, डोक्यावर जुनी ट्यूबलाईट आहे, टेबल जरासं हलतं, की आकडा फिरायला लागतो. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत स्टॅटिकचा त्रास वेगळाच, प्लॅस्टिकचा पॅन किंवा फनेल असेल तर दाणे कडेला चिकटून उभे राहिलेले दिसतील आणि पॅनलाही ओढ लागते. कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात ती ड्रायर शीट पॅनला आणि फनेलला आतून पुसा, लगेच फरक पडेल. त्या स्केलची क्षमता २० ग्रॅम असेल तर ती सगळी मिळून ३०८ ग्रेन होते आणि त्यातला बराच भाग पॅनच खातो, हेही बघा.

अजून एक गोष्ट जी फार कमी लोकांना कुणी सांगतं. बऱ्याच डिजिटल स्केलमध्ये झीरो ट्रॅकिंग असतं, म्हणजे आकडा अगदी हळू सरकत असेल तर स्केल समजतो की हा ड्रिफ्ट आहे आणि स्वतःच तो पुसून टाकतो. आता तुम्ही काय करता, शेवटचा ०.२ ग्रेन ट्रिकलरने, म्हणजे हाताने फिरवायच्या नळीने, एकेक दाणा टाकत गाठता. एक दाणा साधारण ०.०२ ग्रेनचा. स्केलला वाटतं ड्रिफ्ट आहे, तो गिळतो. दुसरा दाणा, तोही गिळतो. स्क्रीनवर आकडा हलत नाही म्हणून तुम्ही टाकतच राहता, मग एकदम उडी मारतो. म्हणून ट्रिकल करून झालं की पॅन उचला, आकडा शून्याखाली जाऊ द्या, परत ठेवा, आणि मग जो आकडा येईल तोच खरा धरा. तुमचा ४१.२ चा ४१.५ झाला त्यात याचाही हात असू शकतो. स्वस्त स्केलवर हा प्रकार जास्त जाणवतो, पण चांगल्या स्केलवरही पॅन उचलून ठेवायची सवय सोडू नका.

आता तीन पर्याय विचारलेत त्यातला बीमवाला काटा आधी घेतो कारण मला तो मनापासून आवडतो आणि नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. आरसीबीएस या रिलोडिंगच्या सामानाच्या कंपनीच्या नावाने विकले गेलेले जुने ५०५ आणि १०-१० हे मॉडेल ओहाउसने बनवलेले. ओहाउस म्हणजे न्यू जर्सीची कंपनी, १९०७ पासूनची, आता पार्सिपनीला आहे जिथे आपली भारतीय मंडळी भरपूर राहतात, पण त्यातल्या फारच थोड्यांना माहीत असेल की अमेरिकेत रिलोडिंग करणाऱ्या कित्येकांच्या गॅरेजमध्ये याच कंपनीचा काटा असायचा. ५०५ ची क्षमता ५११ ग्रेन. डावीकडे मोठं सरकतं वजन, ते १०-१० ग्रेनच्या टप्प्याने सरकतं, उजवीकडे दोन छोटी, त्यांनी ०.१ पासून १० ग्रेनपर्यंत लावता येतं. दांडी स्टीलच्या सुरीसारख्या धारेवर तोललेली असते आणि ती धार अकीकाच्या खाचेत बसते. दांडी उगाच डोलत राहू नये म्हणून एका टोकाला धातूची पातळ पट्टी दोन चुंबकांच्या मधून जाते, त्याने झोके लगेच शमतात. बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही, वॉर्मअप नाही, मोबाईलचा परिणाम नाही. आपल्याकडे सोनाराच्या दुकानात काचेच्या पेटीत काटा असायचा, गुंजभर सोन्यावर भांडण होऊ नये म्हणून, त्याच जातीची ही वस्तू आहे.

छापील अचूकता ०.१ ग्रेन असली तरी नीट साफ केलेला, धार खराब न झालेला ५०५ एक दाणा टाकला की हलतो, डोळ्यांनी दिसतो. अडचण अशी की दांडीचं टोक आणि शून्याची रेघ डोळ्याच्या बरोबर समोर नसेल तर वरून बघताना ती जुळल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात जुळलेली नसते. त्यासाठी काटा डोळ्याच्या उंचीला एका फळीवर ठेवा, किंवा मी करतो तसं जुना वेबकॅम टोकासमोर बसवा आणि लॅपटॉपवर रेघ मोठी करून बघा. मान दुखत नाही आणि प्रत्येक वेळी एकाच कोनातून बघितलं जातं. ली कंपनीचा सेफ्टी स्केल अगदी स्वस्त आहे, मोजतो बरोबर, पण आकडे बारीक आहेत, लावायला वेळ जातो आणि क्षमता ११० ग्रेनच्या आसपासच आहे म्हणून त्यावर जड बुलेट तोलता येत नाही. रेडिंगचा नंबर २ चांगला आहे, दणकट आहे.

बीमचा एकच मोठा धोका, आणि तो धोका गंभीर आहे. मोठं वजन एका खाचेने चुकीच्या जागी बसलं तर चूक ०.१ ची होत नाही, १० ग्रेनची होते. हाताचा धक्का लागून छोटं वजनही सरकू शकतं. म्हणून लावून झालं की आकडा मोठ्याने वाचायचा, वहीत लिहायचा, मग चेक वेटने (नेमकं वजन माहीत असलेल्या छोट्या वजनाने) तपासायचा आणि मधे उठून परत आलात की पुन्हा वाचायचा.

सेकंडहँड घेणार असाल, आणि जुने ओहाउसवाले आता बहुतेक सेकंडहँडच मिळतात, तर धार आणि खाचा भिंगातून बघा. गंज असेल, धारेला चीर असेल तर सोडा. पॅन त्याच काट्याचा मूळचा आहे ना ते विचारा, कारण दुसऱ्याचा पॅन बसवला तर शून्य करायच्या स्क्रूची मर्यादा संपते. दांडी हलवून सोडा, थांबल्यावर त्याच जागी येते का बघा, दहा वेळा करा. एकदा वर एकदा खाली थांबत असेल तर धारेखाली कचरा तरी आहे नाहीतर ती झिजलीय. धारेला आणि खाचेला तेल कधीही लावायचं नाही, लोक चांगल्या भावनेने लावतात आणि मग त्यात धूळ बसते.

मधला पर्याय म्हणजे चार्जमास्टर किंवा त्या प्रकारची मशीन, हॉर्नडीची ऑटो चार्ज, लायमनची जेन ६ वगैरे. आकडा टाका, मशीन स्वतः पावडर टाकून मोजून देते, तोवर तुम्ही आधीच्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळीत) बुलेट बसवता. वेळ खूप वाचतो, खोटं नाही. आत स्ट्रेन गेजच आहे पण तीस डॉलरवाल्यापेक्षा कितीतरी चांगला. सांगितलेली अचूकता अधिक उणे ०.१ ग्रेन. याचा अर्थ नीट समजून घ्या, दोन चार्ज (एका काडतुसात जाणारी पावडर) तोलले आणि दोन्हींना ४१.० दिसलं तरी एक ४०.९ आणि दुसरा ४१.१ असू शकतो, म्हणजे दोघांत ०.२ चा फरक. चालू करून निदान अर्धा तास तापू द्यायचा, मग कॅलिब्रेट करायचा, एसीच्या जाळीखाली ठेवायचा नाही, आणि दर दहा-बारा चार्जनंतर एकदा चेक वेट ठेवून बघायचं. शिकारीसाठी, ३०० यार्डांपर्यंतच्या सरावासाठी, पीआरएस या रायफल स्पर्धांच्या क्लब मॅचसाठीसुद्धा हे पुरतं.

तिसरा, हजार डॉलरचा सेट म्हणताय तो म्हणजे ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय स्केल आणि त्याला जोडलेला, दाणे आपोआप टाकणारा ऑटोट्रिकलर. हा स्केल वेगळ्याच तत्त्वावर चालतो. यात पट्टी वाकत नाही, चुंबकात एक कॉइल असते, वजन ठेवलं की पॅन खाली जाऊ नये म्हणून कॉइलमधून जितका करंट सोडावा लागतो तो मोजला जातो. पॅन जागचा जवळजवळ हलतच नाही म्हणून थकवा नाही, रेंगाळणं नाही, आकडा पटकन येतो आणि परत परत तोच येतो. क्षमता १२२ ग्रॅम, ०.००१ ग्रॅमपर्यंत, ग्रेनमध्ये ०.०२, म्हणजे एक दाणा. हा लॅबमधला स्केल आहे, शूटर लोकांनी तो उचलला. सार्टोरियसचा एन्ट्रिस याच्याही पुढे जातो पण दाण्यापेक्षा कमी मोजून करायचं काय, दाणा कापणार आहात का?

आता हे पैसे वसूल कधी होतात ते आकड्यात बघू, कारण इथेच लोक भावनेच्या भरात खरेदी करतात. तुमच्या कार्ट्रिजमध्ये ४० ग्रेनच्या आसपास पावडर जाते, त्यात ०.१ ग्रेन वाढली की वेग साधारण ५-६ फूट प्रतिसेकंद वाढतो. १०० यार्डांवर याचा काहीही परिणाम दिसत नाही. ३०० यार्डांवर १० फूट प्रतिसेकंदाचा फरक म्हणजे साधारण पाव इंचापेक्षा कमी. १००० यार्डांवर मात्र तोच १० फुटांचा फरक बुलेटला साधारण ३ इंच वरखाली करतो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजीत १००० यार्डांच्या टार्गेटवर १० चा गोल १० इंचाचा आणि आतला एक्स ५ इंचाचा असतो, तिथे ३ इंच म्हणजे मॅच हरणं. म्हणून ती मंडळी एफएक्स-१२०आय घेतात आणि बरोबर करतात. तुम्ही लिहिलंय की रेंज ३०० यार्डांची आहे आणि वर्षातून एकदा एल्कच्या शिकारीला जायचं आहे. मग ते हजार डॉलर पावडर, प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली) आणि रेंजवर घालवा, त्याने नेम सुधारेल.

आणि वेगातला चढउतार फक्त पावडरमुळे होत नाही. प्रायमर, केसचा आतला आकार, केसच्या तोंडाची (नेकची) बुलेटवरची पकड, या सगळ्यांचा वाटा असतो. पावडर दाण्याच्या अचूकतेने मोजली तरी एसडी, म्हणजे वेगातल्या चढउताराचं माप, शून्य होत नाही. १०० आणि २०० यार्डांच्या बेंचरेस्टमध्ये, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून खेळायच्या नेमबाजीत, जिथे पाच गोळ्या एका भोकात जातात, तिथले कित्येक जण पावडर तोलतच नाहीत, हॅरेलसारख्या चांगल्या मेझरने, म्हणजे पावडर वजनाने नाही तर मापाने टाकणाऱ्या यंत्राने, टाकतात आणि त्याच्या क्लिकमध्ये बोलतात. त्यांची बारीक दाण्याची पावडर मेझरमधून पाण्यासारखी वाहते. तुमच्या एच४३५० सारख्या काडीच्या आकाराच्या दाण्यांच्या पावडरचं तसं नाही, ती मेझरमध्ये अडकते, कचकन कापली जाते, म्हणून मेझरने ०.३ कमी टाकायची आणि उरलेली ट्रिकलरने काट्यावर पूर्ण करायची.

स्केल कुठलाही घ्या, चेक वेट घ्याच. माझ्या मते हीच खरी खरेदी आहे, स्केल नंतर. ग्रेनमधले सेट आरसीबीएस, लायमन विकतात. किंवा ग्रॅममधली लॅबची वजनं घ्या, अचूकतेच्या एम१ वर्गातल्या २ ग्रॅमच्या वजनात १.२ मिलिग्रॅम इतकीच चूक चालते, म्हणजे ०.०२ ग्रेनपेक्षा कमी, आपल्याला भरपूर झालं. २ ग्रॅम म्हणजे ३०.८६ ग्रेन, त्यावर अर्धा ग्रॅम ठेवला की ३८.५८, तुमच्या चार्जच्या अगदी जवळ. स्केल ज्या वजनाला वापरायचाय त्याच वजनाला तपासायचा हे महत्त्वाचं, फक्त शून्य आणि १०० ग्रॅमला बरोबर असून उपयोग नाही. वजनं बोटांनी धरायची नाहीत, चिमट्याने धरा, घामाचा तेलकटपणा बसतो. यासोबत एक फुकटची युक्ती, एक बुलेट बाजूला काढा, मार्करने टोक रंगवा आणि दर वेळी बसण्याआधी ती तोलून वहीत लिहा. आणि रिकामा पॅन शून्य केल्यावर उचलला की जो उणे आकडा दिसतो तो स्केलवर मार्करने लिहून ठेवा. रात्री मधेच तो आकडा बदललेला दिसला की थांबायचं, मागचे चार्ज परत बघायचे.

युनिटचं बटन हाही विषय आहे. खिशातल्या स्केलला ग्रॅम, कॅरेट, औंस, ग्रेन सगळं एकाच बटनावर असतं आणि ते चुकून दाबलं जातं. ग्रॅमवर गेलं तर लगेच कळतं, कारण ४० ग्रॅम म्हणजे ६१७ ग्रेन, पॅन ओसंडून जाईल. पण कॅरेटवर गेलं तर? एक कॅरेट ३ ग्रेनपेक्षा थोडा जास्त, म्हणजे स्क्रीनवर ४१ आलं तर पॅनमध्ये १२६ ग्रेन असतात. हेही रायफलच्या केसमध्ये मावणार नाही, तेवढं नशीब. पण पिस्तुलाच्या काडतुसात जिथे ४-५ ग्रेनच जातात तिथे तिप्पट पावडर मावूही शकते. म्हणून ज्याला ग्रेनवर कुलूप लावता येतं किंवा जो चालू केल्यावर शेवटचं युनिट लक्षात ठेवतो असाच स्केल घ्या, आणि चेक वेटने ही चूकही पकडली जाते.

टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, हे तुम्हाला माहीत असेल तरी लिहितो. सगळ्या केस ब्लॉकमध्ये भरून झाल्या की बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून सगळ्यांची पातळी बघा, स्केलने फसवलं असेल तर इथे डोळ्याला दिसतं. आणि काम झालं की हॉपरमधली (मेझरच्या टाकीतली) पावडर परत तिच्याच डब्यात. तुमच्या कोरड्या हवेत उघडी राहिलेली पावडर ओलावा सोडते, मग वजन बरोबर असूनही वेग बदलतो आणि माणूस स्केलला दोष देत बसतो.

भारतातून कुणी वाचत असेल तर एक वाक्य त्यांच्यासाठी. तिकडे हे सगळं करायला जाऊ नका, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, नुसता रायफलचा परवाना घरी काडतूस भरायला पुरतो असं धरू नका. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ती ५० मीटरची रायफल .२२ रिमफायर असते, ते काडतूस मुळात परत भरता येत नाही, तिथे नेमबाज बंदुकीला जुळणारा फॅक्टरीचा लॉट शोधतात.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा. या आठवड्यात चेक वेट मागवा. सोबत चांगल्या स्थितीतला ५०५ किंवा १०-१० शोधा, गन शोमध्ये आणि जुन्या लोकांच्या इस्टेट सेलमध्ये मिळतात, न मिळाल्यास नवीन रेडिंग घ्या. हातचा एक ट्रिकलर घ्या. पहिली काही शंभर काडतुसं त्यावर भरा. पौंडाचे ७००० ग्रेन असतात, म्हणजे ४१ च्या हिशोबाने पौंडभर पावडरीत साधारण १७० काडतुसं, एक-दोन पौंड संपेपर्यंत तुम्हाला कळेल की वेळ कुठे जातोय. वेळच कमी पडतोय असं वाटलं तर चार्जमास्टर घ्या आणि बीम तसाच शेजारी ठेवा तपासायला. लांब पल्ल्याच्या मॅच खेळायला लागलात आणि क्रोनोग्राफवर (बुलेटचा वेग मोजायच्या यंत्रावर) दिसलं की बाकी सगळं नीट करूनही एसडी खाली येत नाही, तर एफएक्स-१२०आय, त्याआधी नाही.

तीस डॉलरवाला फेकू नका, प्रायमर काढलेल्या केस वजनाप्रमाणे ढोबळ वेगळ्या करायला तो चालतो. फक्त त्याच्यावर पट्टी चिकटवा की पावडरसाठी नाही, नाहीतर घाईत हात तिकडेच जातो. आणि जमलं तर आज रात्री तो अर्धा तास चालू ठेवून ती टोक रंगवलेली बुलेट दहा वेळा ठेवून उचलून दहा आकडे लिहा आणि इथे टाका, ते बघितल्यावर सांगता येईल की तुमचा स्केल खराब आहे का टेबलाची जागा.